तीन नावं आणि 'इतर नऊ': अर्लिंग्टनच्या जुन्या दफनभूमीतला स्तंभ

मॅसॅच्युसेट्समधल्या अर्लिंग्टन गावी, फर्स्ट पॅरिश चर्चच्या मागे, 1732 च्या सुमाराची एक दफनभूमी आहे. पातळ, काळपट स्लेटच्या शिळांची भरपूर दाटी. त्यांच्यात ग्रॅनाइटचा 19 फूट उंच, वर निमुळता होत गेलेला एक स्तंभ वेगळा उठून दिसतो. त्यावरच्या मजकुराचा आशय असा: वेस्ट केंब्रिजच्या रहिवाशांनी 1848 साली हा स्तंभ जेसन रसेल, जेसन विनशिप, जेबेझ वायमन आणि इतर नऊ जणांच्या सामाईक कबरीवर उभारला. लेक्सिंग्टन आणि कॉन्कॉर्डहून माघारी फिरलेल्या ब्रिटिश फौजेने 19 एप्रिल 1775 रोजी त्यांना याच गावात ठार केलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या झगड्यात पहिल्यांदा प्राण देणाऱ्यांत ते होते.

बारा माणसांची कबर, आणि नावं तीन. हे एवढंच असतं तर जुन्या काळची हेळसांड म्हणून सोडून देता आलं असतं. पण ज्या तिघांची नावं कोरली आहेत ते कोण होते हे पाहिलं की प्रकरण गुंतागुंतीचं होतं. एक जण आपल्या घराच्या दारात मेला. दोघं दारूच्या गुत्त्यात बसले असताना मारले गेले. आजूबाजूच्या गावांतून बंदुका घेऊन मैलोन्‌मैल चालत आले आणि इथे पडले, ते 'इतर' झाले. आज लोक या स्तंभाकडे स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांचं स्मारक म्हणून पाहतात. त्यात सैनिक म्हणावेत असे लोक आहेत, पण बहुधा ते नेमके त्या निनावी नवांमध्ये. हे कसं झालं, आणि 250 वर्षांनंतर त्याचं काय करावं, हा या टिपणाचा विषय.

आधी गावाच्या नावाचा घोळ निस्तरायला हवा, कारण स्तंभावर एक नाव, नकाशावर दुसरं आणि इतिहासात तिसरं आहे. 1775 मध्ये ही वस्ती केंब्रिज गावाचाच भाग होती आणि तिला मेनोटोमी म्हणत. 1807 मध्ये ती वेगळी होऊन वेस्ट केंब्रिज झाली, म्हणून 1848 च्या दगडावर ते नाव. 1867 मध्ये गावाने पुन्हा नाव बदललं, तेही यादवी युद्धातल्या मृतांसाठी व्हर्जिनियात झालेल्या अर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीच्या सन्मानार्थ. म्हणजे दूरच्या दफनभूमीतल्या मृतांसाठी गावाने आपलं नाव बदललं, आणि स्वतःच्या दफनभूमीतले नऊ जण तेव्हाही निनावीच होते. यात कोणी मुद्दाम काही केलं असं नाही, तरी हा योग मला खटकत राहतो.

19 एप्रिलची दुपार

त्या दिवसाची, म्हणजे युद्धाच्या पहिल्या दिवसाची, गोष्ट बहुतेकांना लेक्सिंग्टनचं हिरवं मैदान आणि कॉन्कॉर्डचा पूल इथपर्यंतच माहीत असते. रक्तपात खरा झाला तो परतीच्या वाटेवर. कॉन्कॉर्डहून दमून आलेल्या ब्रिटिश तुकडीला लेक्सिंग्टनजवळ ब्रिटिश सेनाधिकारी लॉर्ड पर्सी सुमारे 1,000 सैनिक आणि दोन तोफा घेऊन भेटला. तिथून बॉस्टनकडे निघालेली ही एकत्रित फौज दुपार कलल्यावर मेनोटोमीत शिरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, दगडी कुंपणं, झाडं. प्रत्येक आडोशामागून गोळ्या. आजच्या मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यूचा हाच पट्टा. हार्वर्डहून अर्लिंग्टन हाइट्सला जाणारी 77 नंबरची बस त्यावरून धावते, आणि बॉस्टन परिसरातली कितीतरी मराठी मंडळी त्या बसने ये-जा करत असतील. त्या दिवशी वसाहतींच्या बाजूचे एकूण 49 जण मेले, त्यांतले सुमारे 25 एकट्या मेनोटोमीच्या हद्दीत. ब्रिटिशांचेही सुमारे 40 इथेच पडले.

जेसन रसेलचं घर रस्त्यालगत होतं. तो 58 वर्षांचा, पायाने अधू शेतकरी. शेजारच्या अ‍ॅमी कटरने त्याला निघून जायला सांगितलं, पण 'इंग्रज माणसाचं घर म्हणजे त्याचा किल्ला' असं म्हणून तो थांबला, अशी आख्यायिका आहे. (तोवर तो स्वतःला इंग्रजच समजत होता, हे यात सहज कळून जातं.) त्याच सुमारास डॅनव्हर्स, लिन, बेव्हर्ली या किनाऱ्याकडच्या गावांतले मिलिशियाचे, म्हणजे गावोगावच्या नागरी सैन्यदलांचे लोक घराजवळ दबा धरून बसले होते. डॅनव्हर्सचे लोक सुमारे 16 मैल अंतर चार तासांत कापून आले होते, असं सांगतात. त्यांनी छपराच्या लाकडी फळ्यांच्या गठ्ठ्यांचा आडोसा केला आणि सगळं लक्ष रस्त्यावर ठेवलं. पर्सीने मात्र रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबवर बगलेच्या तुकड्या पाठवल्या होत्या, आणि त्यातली एक मागून आली. समोर मुख्य फौज, मागे ही तुकडी. अडकलेले लोक रसेलच्या घराकडे धावले. रसेल दारातच गोळ्या आणि संगिनींनी मेला. घरात शिरलेल्यांतले जे तळघरात उतरले त्यांनी जिन्याच्या तोंडाशी बंदुका रोखून धरल्या आणि ते वाचले. वर राहिले ते मेले. 1923 मध्ये अर्लिंग्टन हिस्टॉरिकल सोसायटीने हे घर विकत घेतलं. आता तिथे संग्रहालय आहे आणि गोळ्यांची भोकं अजून पाहता येतात.

कूपरच्या गुत्त्यातला प्रसंग त्याहून विचित्र. बेंजामिन आणि रेचल कूपर या नवराबायकोने महिन्याभराने, 19 मे 1775 रोजी, शपथेवर जबानी दिली. सैनिकांनी दारं-खिडक्यांतून शंभरावर गोळ्या झाडल्या. आपण दोघं तळघरात पळालो. आणि आत बसलेल्या दोन निःशस्त्र 'वयोवृद्ध गृहस्थांना' त्यांनी निर्घृणपणे मारलं, असं त्यात आहे. हे दोन गृहस्थ म्हणजे विनशिप आणि वायमन. दोघांनीही पन्नाशी गाठलेली नव्हती. जबानी खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण प्रांताच्या काँग्रेसने, म्हणजे बंडखोर वसाहतवाल्यांच्या प्रतिनिधी सभेने, त्या वसंतात अशा जबान्या गोळा करायचा सपाटाच लावला होता. पहिला गठ्ठा तर सेलमच्या जॉन डर्बीने वेगवान जहाजाने, ब्रिटिश सेनापती गेजचा सरकारी अहवाल पोहोचायच्या आत लंडनला नेऊन दिला. साक्षीदाराला आपली साक्ष कुठे वाचली जाणार आहे हे माहीत असलं की मेलेल्याचं वय थोडं वाढतं.

आधी स्लेट, मग ग्रॅनाइट

दुसऱ्या दिवशी प्रेतं बैलांनी ओढायच्या, चाकं नसलेल्या स्लेजवर घालून दफनभूमीत आणली. शवपेट्या नव्हत्या. अंगावरच्या कपड्यांनिशी बारा जणांना एकाच चरात पुरलं. गावातली अर्धी घरं रिकामी, बायका-मुलं टेकडीपलीकडे गेलेली, बॉस्टनला वेढा पडलेला आणि शेजारच्या गावांचे लोक थेट त्या वेढ्यावर निघून गेलेले. अशा वेळी ओळख पटवण्यासाठी कोण थांबणार? जे गावचे होते त्यांना गावाने ओळखलं. बाहेरच्यांपैकी ज्यांचे गाववाले मागे वळून आले त्यांची प्रेतं घरी गेली. उरले ते चरात.

पहिला दगड रसेलच्या नावाचा, स्लेटचा. त्यावर तो गेजच्या रक्तपिपासू सैन्याकडून स्वतःच्या घरात रानटीपणे मारला गेला असं लिहिलं आहे, वय 59 दिलं आहे, आणि याच कबरीत आमचे अकरा मित्र त्याच्यासोबत शांत पहुडले आहेत असंही. कौटुंबिक दगडाकडून याहून जास्त अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. उलट, त्याने त्या अकरा जणांना 'मित्र' म्हणून आपल्यात घेतलं, आकडा नोंदवला आणि त्यांनाही तसंच क्रूरपणे मारलं हे सांगितलं. त्या काळच्या नोंदी पाहता हे कमी नाही. स्लेटवरची अक्षरं टिकतातही फार चांगली. एकोणिसाव्या शतकातला संगमरवर आम्लयुक्त पावसाने साखरेसारखा विरघळून वाचेनासा होतो, तेव्हा शंभर वर्षं आधीची स्लेट लख्ख वाचता येते. तिला धोका असतो तो पापुद्रे सुटण्याचा आणि गवत कापणाऱ्या यंत्रांचा.

मग 73 वर्षांनी गावाला जाग आली. ती 1848 मध्येच का, याचं उत्तर गावाबाहेर आहे. 1824-25 मध्ये या युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेला फ्रेंच सेनानी लाफायेत अमेरिकेच्या दौऱ्यावर आला आणि जुन्या लढाईच्या प्रत्येक गावाला आपली आठवण नव्याने झाली. त्या पिढीचे शेवटचे म्हातारे डोळ्यांदेखत जात होते. बॉस्टनजवळच्या बंकर हिलच्या लढाईचा उंच ओबेलिस्क (वर निमुळता होणारा चौकोनी स्तंभ) 1843 मध्ये पुरा झाला आणि स्मारक कसं दिसावं हे तेव्हापासून जणू ठरूनच गेलं. शिवाय शेजाऱ्यांची चढाओढ होतीच. लेक्सिंग्टनचा स्तंभ 1799 चा, डॅनव्हर्सचा 1835 चा, कॉन्कॉर्डचा त्यानंतर लगेचचा. त्या दिवशी सर्वांत जास्त माणसं जिथे मेली त्या गावात मात्र एक पातळ शिळा. वेस्ट केंब्रिजच्या रहिवाशांनी स्वेच्छेने वर्गणी काढली, एप्रिल 1848 मध्ये चर उकरून अस्थी वर काढल्या, दगडी कोठडीत ठेवल्या आणि तिच्यावर न्यू हॅम्पशरच्या ग्रॅनाइटचा स्तंभ चढवला. भोवती लोखंडी कुंपण घातलं.

वर्गणीचा हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. कॉन्कॉर्डशेजारच्या अ‍ॅक्टन गावाने कॉन्कॉर्डच्या पुलावर पडलेला आपला कॅप्टन आयझॅक डेव्हिस आणि आणखी दोघांच्या अस्थी हलवून 1851 मध्ये 75 फूट उंच स्तंभ बांधला, त्यासाठी राज्य सरकारने 2,000 डॉलर दिले होते. सरकारी पैसा आला की कोणासाठी, किती, काय पुरावा असे प्रश्न विधिमंडळात होतात. वर्गणीच्या स्मारकाला असे प्रश्न विचारणारा कोणी नसतो. वर्गणी देणारे वेस्ट केंब्रिजचे. रसेल, विनशिप, वायमन ही आडनावं गावात आणि आसपास नांदणारी. त्यांची नावं आली. बाकीच्यांच्या वतीने बोलणारं आडनाव वर्गणीच्या यादीत नव्हतं.

नावं हरवली नव्हती

या प्रकरणात सहज चुकीचं गृहीत धरलं जातं ते हे, की नऊ जणांची नावं कोणालाच माहीत नव्हती. ती माहीत होती, छापलीही गेली होती. सेलममध्ये 1775 मध्येच एक पत्रक निघालं, त्यावर ओळीने 40 काळ्या शवपेट्यांची चित्रं आणि मृतांची नावं. त्या दिवशी मेलेल्यांच्या गावनिहाय याद्या तेव्हापासून उपलब्ध आहेत. 'लेक्सिंग्टन अलार्म' नावाने ओळखली जाणारी हजेरीपत्रकं मॅसॅच्युसेट्सच्या दफ्तरखान्यात आहेत. कोणती तुकडी, कोण माणूस, किती दिवस आणि किती मैल, असा पगाराचा हिशेब त्यांत आहे. थोडक्यात, नाव कागदावर आहे, माणूस जमिनीत आहे, आणि दोघांना जोडणारा दुवा त्या एका सकाळी तुटला.

युद्धात पुढे लढलेल्या सैनिकांचा असा दुवा बहुधा पेन्शनमुळे टिकला. 1818 आणि 1832 च्या कायद्यांनी क्रांतियुद्धातल्या, म्हणजे याच स्वातंत्र्ययुद्धातल्या, जुन्या सैनिकांना पेन्शन दिलं. ते मिळवायला म्हाताऱ्यांनी न्यायालयात जाऊन कुठे लढलो, कोणाच्या हाताखाली, आता कुठे राहतो, घरात काय आहे इथवर लिहवून दिलं. आज एखाद्या खेड्यातल्या दफनभूमीत क्रांतियुद्धाच्या सैनिकाची कबर निश्चित करायची असेल तर अभ्यासक प्रथम या फायलींकडे जातो. पहिल्याच दिवशी मेलेल्या माणसाची फाईल नसते. त्या दिवशी काँटिनेंटल आर्मी, म्हणजे सगळ्या वसाहतींची एकत्रित फौज, सुद्धा नव्हती, ती जूनमध्ये उभी राहिली. म्हणून हे लोक धड सैन्याच्या कागदांत नाहीत आणि पेन्शनच्या कागदांत तर नाहीतच. आहेत ते आपापल्या गावच्या हजेरीपटावर.

डॅनव्हर्सकडे पाहिलं तर फरक लगेच कळतो. त्या गावचे सात जण मेनोटोमीत पडले. गावाने आपली माणसं घरी आणली आणि 1835 मध्ये स्तंभ उभारून सातही नावं वयांसकट कोरली; बहुतेक विशी-पंचविशीचे. जोथम वेबचं नुकतंच लग्न झालं होतं आणि तो लग्नाच्याच कपड्यांत लढायला गेला, असं सांगतात. पायाभरणी केली ती 1775 मध्ये डॅनव्हर्सच्या तुकडीचा तरुण कॅप्टन असलेल्या गिडियन फॉस्टर याने, साठ वर्षांनी. नावं सांगायला तो स्वतः हजर होता. (तो भाग आता पीबॉडी शहरात येतो.) माणसं एकाच अंगणात मेली. डॅनव्हर्सची घरी जाऊन नावानिशी कोरली गेली, आणि जी परत नेली गेली नाहीत ती आकडा झाली.

दगडावर कोरलंय म्हणजे खरं, हेही या दफनभूमीच्या आसपास तपासून घ्यावं लागतं. इथेच पुरलेला सॅम्युएल व्हिटमोर हा गावचा सर्वांत लाडका म्हातारा. एकट्याने कुंपणाआडून लढला, गोळी लागली, संगिनींनी भोसकला गेला, मेला समजून सोडून दिला आणि तरी वाचला. रस्त्याकडेच्या त्याच्या शिळेवर तेव्हाचं वय 80 आणि आयुष्य 98 वर्षांचं दिलं आहे. त्याचा जन्म 1696 चा, मृत्यू 1793 चा, हिशेब ज्याचा त्याने करावा. 2005 मध्ये राज्याने त्याला अधिकृत वीर ठरवलं. चर्चसमोरच्या आणखी एका शिळेवर 'मेनोटोमीच्या म्हाताऱ्यां'नी ब्रिटिशांची रसद पकडल्याची नोंद आहे. हे वय उलटून गेलेले, आधीच्या फ्रेंच युद्धांतले जुने शिपाई; म्हणजे शब्दशः माजी सैनिक. त्यांचा म्होरक्या डेव्हिड लॅमसन गोरा नव्हता. शिळेवर मात्र 'म्हातारे' एवढंच.

आणि ब्रिटिश? गावात मेलेल्या ब्रिटिश सैनिकांतल्या अनेकांना याच दफनभूमीत, गुलामांसाठी राखलेल्या कोपऱ्यात पुरलं, असं एकोणिसाव्या शतकातलं स्थानिक लेखन सांगतं. इथे गुलामही होते हे त्या एका वाक्यातून कळतं. स्वातंत्र्याच्या पहिल्या बळींच्या स्तंभापासून चार पावलांवर.

काय करता येईल

पहिला मोह डीएनएचा. मी तो बाजूला ठेवेन. 1848 मध्ये चरातून कोठडीत हलवताना बारा जणांच्या अस्थी वेगवेगळ्या राहिल्या असतील ही आशा भाबडी आहे, आणि मेलेले तरुण, बहुधा अविवाहित, तर ताडून पाहायला थेट वंशज कुठून आणणार? नावासाठी कबर पुन्हा उघडण्याइतकं यातून हाती लागणार नाही.

दुसरा मार्ग सरकारी शिळेचा. अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं पात्र सैनिकाच्या निनावी कबरीसाठी शिळा मोफत देतं, क्रांतियुद्धाच्या सैनिकालाही. सन्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशनसारख्या, त्या युद्धातल्या लोकांच्या वंशजांच्या संस्था कांस्याची खूण बसवतात. दोन्ही ठिकाणी 'हा माणूस' आणि 'ही सेवा' कागदाने सिद्ध करावी लागते. इथे सेवा सिद्ध होते, माणूसही होतो. 'ही कबर' होत नाही. नऊ पांढऱ्या शिळा अंदाजाने रोवल्या तर व्हिटमोरच्या वयासारखंच आणखी एक पक्कं चुकीचं लेखन उभं राहील, आणि शंभर वर्षांनी कोणी ते तपासणार नाही.

म्हणून वजाबाकीचा मार्ग. 49 जणांची यादी घ्यायची. ज्यांचं दफन आपापल्या गावी झाल्याची शिळा किंवा चर्चची नोंद आहे ते काढायचे. दुसरीकडे पडलेले काढायचे. उदाहरणार्थ, लिन गावचे चार जण त्या दिवशी मेले: अबेडनेगो रॅम्सडेल, डॅनियल टाउनसेंड, विल्यम फ्लिंट, थॉमस हॅडली. टाउनसेंडची शिळा लिनफील्डमध्ये आहे, म्हणून तो या चरातून वजा. उरलेल्या तिघांसाठी लिनची चर्चदप्तरं चाळायची. असंच बेव्हर्ली, सेलम, नीडहॅम, डेडहॅमचं. हे काम महागडं नाही, कंटाळवाणं आहे, आणि एका गावाला एकट्याने करता येण्यासारखं नाही. उत्तर नेमकं नऊच येईल असंही नाही. बारा-पंधरा शक्यता उरू शकतात.

उरलेली नावं कुंपणाबाहेरच्या फलकावर लावावीत: गावानुसार, आणि प्रत्येकापुढे 'इथे पुरल्याची शक्यता दाट', 'शक्यता' असा खुलासा करून. त्याच फलकावर ब्रिटिशांच्या आणि गुलामांच्या कोपऱ्याची दिशा. ग्रॅनाइटला हात लावू नये. 1848 च्या लोकांना जेवढं सांगायचं होतं तेवढं त्यांनी सांगितलं आहे, आणि 'इतर नऊ' हाही आता इतिहासाचाच पुरावा आहे. पैशाचा प्रश्न आला तर 2000 सालचा राज्याचा कम्युनिटी प्रिझर्व्हेशन कायदा अशाच कामांसाठी आहे. गावातल्या मालमत्ता करावरच्या छोट्या अधिभारातून तो निधी जमतो. फलक बसवायचा मुहूर्त एप्रिलमधल्या तिसऱ्या सोमवारचा, म्हणजे या लढाईच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या पेट्रियट्स डेचा धरू नये. त्या दिवसांत गर्दी रसेलच्या घराभोवती असते, लाल डगल्यातले आणि शेतकरी वेशातले हौशी लोक बार उडवत असतात, फलक वाचायला कोणी थांबत नाही. मे महिना बरा: जमीन मऊ झालेली असते, आणि लिन-बेव्हर्लीहून येणाऱ्यांना गाडी लावायला जागा मिळते.